समाधान होईपर्यंत

३ तारीख, सोमवार

दुकान उघडलं एकदाचं! पाटी नाही, गल्ला नाही, शटर नाही. इंटरनेटवरच्या त्या मोठ्या बाजारात माझ्या नावाचं एक पान आहे आणि त्यावर लिहिलंय की इथे आवाज मिळेल. जाहिरातीला, गोष्टीला, नाहीतर फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणायला. आणि आवाज कोणाचा, तर माझा! दादा जन्मभर ज्याला टकळी म्हणत आला तो.

काल सामान घेऊन या खोलीत आले. दुसरा मजला, एक खिडकी, आणि भिंतीतलं कपाट एवढं मोठं की आत खुर्ची मावते. ते बघूनच खोली घेतली. या धंद्यातले सगळे नवखे म्हणे कपाटातच रेकॉर्डिंग करतात, कारण कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही. मी आतून रजया ठोकल्या, दाराच्या फटींत फोम कोंबला, हँगरची तार वाकवून तिच्यावर पायमोजा ताणला आणि श्वासाचा फटका अडवायला तो माइकपुढे लावला. मग घरमालकीण काकूंना बाहेर उभं केलं आणि आत बसून बेंबीच्या देठापासून ओरडले. बाहेर आले तर काकू विचारतात, सुरू कधी करणार. म्हणजे काम फत्ते.

गंमत म्हणजे लहानपणी माझी बडबड थांबेना की दादा मला कपाटातच कोंडायचा. गप्प बसलीस की उघडतो, म्हणायचा. मी रडून रडून गप्प झाले की कडी काढायचा आणि हसायचा. अजूनही पाहुण्यांना तो किस्सा रंगवून सांगतो. काल निघतानाही सांगितलाच, वर म्हणाला, महिन्याभरात परत येशील, तुझी खोली रिकामी ठेवतो. ठेव म्हणावं. मी कपाटातच बसून, त्याच बडबडीवर, त्याच्या नाकावर टिच्चून पोट भरून दाखवते की नाही बघ.

६ तारीख, गुरुवार

चिटपाखरू फिरकलेलं नाही. बाजारात आवाज विकायला बसलेल्यांची जत्रा आहे आणि प्रत्येकाच्या नावापुढे गिऱ्हाइकांनी दिलेले तारे चमकताहेत. माझ्यापुढे एकही नाही. तारा नाही म्हणून गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून तारा नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत.

आज दुपारी पानावर एक ओळ वाढवली. गिऱ्हाइकाचं समाधान होईपर्यंत दुरुस्त्या, कितीही वेळा. नवख्यांनी असं कधी कबूल करू नये, असं सगळे जुने विक्रेते बजावून सांगतात. काम पूर्ण झाल्याचं बटण गिऱ्हाइकाच्या हातात असतं, त्याने ते दाबलंच नाही की माणूस अडकतो. आणि पहिलंच काम अर्धवट राहिलं तर नवं पान तळाला जातं, पुन्हा कोणाला दिसत नाही. माहीत आहे सगळं. पण गरजवंताला अक्कल नसते.

७ तारीख, शुक्रवार

गिऱ्हाईक! ओळ टाकली आणि दुसऱ्याच सकाळी गिऱ्हाईक हजर! लिहिण्यावरून कोणी बाई वाटते. फोटो नाही, नावाच्या जागी नुसतं एक टिंब. मजकूर एवढासाच आहे. बंद दाराआडून बहीण भावाला हाक मारते: दादा, दार उघड. मी आता बोलणार नाही. मी गप्प बसते. दार उघड.

वाचून अंगावर काटा आला, मग हसूही आलं. एवढा अनुभव असलेली बाई दुसरी कुठे मिळणार होती तिला? दुपारच्या जेवणाआधी काम पाठवून दिलं.

१० तारीख, सोमवार

पहिली दुरुस्ती आली. रडकं नको, म्हणते. भीक मागितल्यासारखं वाटतंय. पुन्हा केलं. मग दुसरी आली. तिने लिहिलं की ज्याचा तुम्हाला खरोखर राग येतो तो माणूस डोळ्यांसमोर आणा आणि त्याला हाक मारा.

माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. मी डोळे मिटले, दादाचं ते हसू आणलं समोर, आणि अशी बोलले की पडद्यावरची आवाजाची पट्टी लाल झाली. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं निघालं. बाहेर आले तेव्हा फार हलकं वाटत होतं.

उत्तर लगेच आलं. हाच. हाच भाऊ हवा होता.

मी तिला भावाबद्दल काही सांगितलं नव्हतं. मजकुरात भाऊ आहे म्हणून म्हणाली असेल. बटण मात्र दाबलं नाही, अजून थोडं हवंय म्हणे.

१३ तारीख, गुरुवार

वहिनीचा फोन आला. आवाज दबलेला. दादाला म्हणे सोमवारपासून त्यांच्या बेडरूमच्या कपाटातून माझी हाक ऐकू येते. दादा, दार उघड. तो दार उघडतो, आत शर्ट नि साड्या. बंद करतो, पुन्हा हाक. काल त्याने सगळे कपडे पलंगावर काढून टाकले, कामावरही गेला नाही. वहिनीला काही ऐकू येत नाही. तू त्याला काही बोललीस का, असं तिने तीनतीनदा विचारलं.

मी नाही म्हणाले. फोन ठेवला आणि खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. खुर्चीत बसून एकटीच हसले. म्हटलं, आता ऐक. आता रंगव किस्सा.

बाईची तिसरी दुरुस्ती आली होती, आणखी राग मागितला होता. दिला. चौथी आली, तीही दिली. घसा बसलाय, पण मन भरत नाही.

एक गोष्ट नोंदवून ठेवते. बोलण्याआधी मी थोडा वेळ नुसती शांतता रेकॉर्ड करते. ती लागते, तिच्यावरून मागची खरखर काढता येते. तेव्हा मी श्वास रोखून बसते. आजच्या शांततेत श्वास ऐकू येतोय. सावकाश, माइकच्या अगदी जवळून.

१५ तारीख, शनिवार

दादाचा हात कपाटाच्या दारात चेंगरला. तो उघडून आत बघत होता आणि दार आतून कोणीतरी ओढल्यासारखं आपटलं. बोटं मोडलीत. वहिनी फोनवर रडत होती. दादा ओरडलासुद्धा नाही म्हणे, नुसता म्हणत राहिला, छोटी आत आहे, तिला काढा.

छोटी म्हणजे मी. किती वर्षांनी त्याने हे नाव घेतलं.

मला एवढं नको होतं. घाबरवायचं होतं, बस. बाईला लिहिलं की काम रद्द करते. गेलं पान तळाला तर जाऊ दे.

१६ तारीख, रविवार

रद्द होत नाही. गिऱ्हाइकाची संमती लागते. ती देत नाही. म्हणते, माझं समाधान झालेलं नाही, तुम्हीच तर लिहिलंय.

तुम्ही कोण आहात, विचारलं. उत्तर आलं:

मी गप्प बसले होते. तरी त्याने उघडलं नाही.

थोड्या वेळाने आणखी एक:

माझा भाऊ आता राहिला नाही. तुझा चालेल. नुसता हात नको, सबंध आत यायला हवा.

१८ तारीख, मंगळवार

आवाज गेला. बसला नाही, गेलाच. डॉक्टर म्हणतात घसा स्वच्छ आहे. ओठ हलतात, बाहेर काही येत नाही.

दुपारी बाईने मलाच एक फाइल पाठवली. माझा आवाज आहे. स्पष्ट, गोड, अजिबात बसलेला नाही. दादा, माझ्याकडे ये. चुकलं माझं. ये ना. मी हे कधीच बोललेले नाही.

वहिनीला मेसेज केला, दादाला घरातून सोडू नकोस. तिचं उत्तर: तो उद्या निघतोय तुझ्याकडे, तूच फोन करून बोलावलंस ना? किती बरं वाटलं त्याला.

किती लिहिलं तिला, तो मी नव्हते. ती म्हणते आता पुरे, भावावर किती राग धरायचा.

१९ तारीख, बुधवार

सकाळी शेवटची दुरुस्ती आली. बोलायचं काही नाही. फक्त शांतता हवी, कपाटातली. एवढी दे, बटण दाबते, तुझ्या भावाला सोडते.

आवाज तर नाहीच, शांतताच आहे माझ्याकडे. दादा पोचायच्या आत उरकते. आत जाते. ही वही नेते बरोबर—

कपाटात

दार उघडत नाही. आतून कडी नाहीच याला. बाहेरची कोणी लावली?

मोबाइलला रेंज नाही, नुसत्या त्याच्या उजेडात लिहितेय. मी एकटी नाही इथे. रजईला टेकून कोणीतरी— श्वास—

पाय आपटले. काकू येणार नाहीत. इथून आवाज बाहेर जात नाही, मीच तर बघून घेतलं होतं.

बाहेर कोणीतरी आलं. फोम थोडा उपटला, फटीला कान लावला. काकूंनी किल्लीने खोली उघडून दिली. दादा. दादा आहे. छोटी कुठेयस म्हणतोय.

ती बोलली. माझ्या कानापाशी, माझ्याच आवाजात. दादा, दार उघड. मी आता बोलणार नाही.

तिचा जातो बाहेर.

तो रडतोय. दाराला टेकून म्हणतोय, चुकलं गं माझं, तुला कोंडायला नको होतं, मी हसायला नको होतं. जन्मभर हेच ऐकायचं होतं मला. आता नको. आता जा.

फोम आणखी उपटतेय. हे पान खालून सरकवते. दादा हे वाच. उघडू नकोस. हाक मी मारत नाहीये. मी गप्प आहे दादा, मी खरंच गप्प

पान जात नाही, रजई आड—

मी दार आतून धरून ठेवलंय एका हाताने. ती हसतेय. लहानपणी तू हसायचास तशी—

उघडतो म्हणतोय. थांब छोटी, उघडतो. मोडक्या बोटांनी कडी—

दादा नको उघ