उंदरांची वाट

१२ जून

चि. ठकीस, अनेक आशीर्वाद.

फोन केला की तुझे बाबा बाजूला कान लावून उभे राहतात, म्हणून पत्र. तुमच्या प्रयोगशाळेची बातमी रविवारच्या पेपरात आली. ‘रोज नवी वाट धरा, स्मरणशक्ती टिकवा!’ तेव्हापासून बाबा कात्रण खिशात घालून फिरतात. काल कोपऱ्यावर पाव आणायला गेले ते गोदामांच्या मागे निघाले. पोस्टमनने आणून सोडलं. मी रागावले, तर म्हणाले, तुला विज्ञानातलं काय कळतंय, लेकीचा शोध आहे. जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस! तुझ्या नव्या वाटेने आमची पार वाट लागली. एवढंच कळव, तुमच्या उंदरांना घरी कोण आणून सोडतं? आणि ‘कदाचित’ न लिहिता सांग.

लोभ आहेच, उत्तरही असू दे.
तुझी आई

१९ जून

ती. आईस, सा. न. वि. वि.

शोध माझा नाही, आम्ही सात जण आहोत. म्हाताऱ्या उंदरांच्या पिंजऱ्यातल्या वाटा आम्ही अधूनमधून बदलत राहिलो. खाऊ कुठे ठेवला होता, हे त्यांना इतर उंदरांपेक्षा थोडं जास्त आठवलं. अहवालात ‘लक्षणीय फरक’ लिहिलंय, त्याचा अर्थ ‘मोठा फरक’ असा नाही. फरक निव्वळ योगायोगाने पडलेला नसावा, इतकाच. माणसांना कदाचित उपयोग होईल, कदाचित नाही. ‘उंदीर’ हा शब्द बातमीत पाचव्या ओळीत आहे. मथळ्यात तो मावला नसावा.

उंदरांना घरी मी सोडते, ओंजळीतून.

एक विचारायचं आहे. बाबा बँकेतून संध्याकाळी परतले आणि नवा रस्ता बघत होतो म्हणाले, असं तू मार्चमध्ये लिहिलं होतंस. बातमी जूनमधली आहे. परिणाम कारणाच्या आधी येत नाही.

प्रकृतीस जप, त्यांच्याही.
ठकी

२५ जून

चि. ठकीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शिवणाच्या डब्यात लपवलंय. मार्चमध्ये झालं, त्याच्याही आधी झालं. मी काही दुधखुळी नाही. पण तेव्हा घरी आले की पायातल्या चपलांकडे बघत बसायचे. आता कात्रण दाखवतात आणि वर चहा मागतात. हरवलेला माणूस आणि प्रयोग करणारा माणूस, दोघेही उशिराच येतात. फरक म्हणशील तर चहाचा. डॉक्टरचं नाव काढलं की घर डोक्यावर घेतात. त्यांना खरं सांगू नकोस, पण काहीतरी कर. पोस्टमन रोज भेटेलच असं नाही.

माया करतेस हे ठाऊक आहे, एकदा पत्रात दिसूही दे.
तुझी आई

२ जुलै

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

आता माणसांवरच्या चाचण्या घ्यायच्या आहेत. रोज नव्या वाटेने चालणारा अनुभवी माणूस हवा. तुम्ही योग्य आहात. आमच्या इमारतीशेजारच्या रुग्णालयात मेंदूच्या डॉक्टर काही प्रश्न विचारतील, ते प्रयोगाचा भाग आहेत. नियमाप्रमाणे चाचणीला येणाऱ्या माणसाला संशोधकाने घरून आणायचं आणि परत पोचवायचं असतं. शनिवारी मी येते.

आशीर्वाद असावेत, आणि डोक्यावर टोपी.
ठकी

६ जुलै

चि. ठकीस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या अख्ख्या पत्रात ‘कदाचित’ एकदाही नाही. तिथेच तू पकडली गेलीस. पाऊस पडतोय का विचारलं तरी तू ‘बहुधा’ म्हणणारी पोर. खोटं बोलण्यात तू नापास, हे निकालपत्र जपून ठेव.

बातमी मीही पाचव्या ओळीपर्यंत वाचली आहे. पोरांना जगाचे नकाशे काढायला लावले, आणि आता आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो, उजवीकडे की डावीकडे. त्या कात्रणाने फार अब्रू राखली. तुझ्या आईला मात्र यातलं काही बोलू नकोस. तिचा विज्ञानावर नुकताच विश्वास बसला आहे, मुकाट्याने चहा देते.

येतो मी तुझ्या डॉक्टरांकडे. फक्त रस्त्यात हात धरायचा तर उंदरांसारखा धर, ओंजळीत.

शनिवारी तुझी वाट पाहतो. तेवढी एक वाट अजून चुकत नाही.
बाबा