यादीतला एकेचाळिसावा

३ जानेवारी, रविवार

गाडी घ्यायची. ठरलं एकदाचं — आणि ठरलं कुठे, तर परतीच्या बसमध्ये, मागच्या चाकावरच्या सीटवर. तिथे माणसाचे संकल्प थेट मणक्यातून निघतात.

सकाळी सहाची बस साडेबाराला हिच्या नोकरीच्या गावात पोचते. परतीची दिवसातून एकच, चारची. जेवण, भांडी, चहा वजा जाता बायको वाट्याला येते दीड तास. तेही एक रविवार सोडून. तीन वर्षं झाली हिच्या बदलीला. गाडी असली तर शनिवारी शाळा सुटली की निघायचं, रात्री तिथे जेवायचं, रविवारी संध्याकाळपर्यंत... पुढचं वाक्य लिहीत नाही. वय बावन्न.

शृंगारात विप्रलंभ श्रेष्ठ, विरहाची गोडी काही औरच, असं आम्हाला शिकवलं. शिकवणारे गुरुजी दुपारी रोज घरी जेवायला जात.

९ जानेवारी, शनिवार

शोरूमला गेलो. शोरूममध्ये गाडी नाही. म्हणजे एक आहे, पण ती दर्शनापुरती, भोवती दोरी लावलेली. काउंटरवरची मुलगी गोड बोलते.

"सर, सुटे भागच येत नाहीयेत. बुकिंग करून ठेवा."

किती महिने? "तसं सांगता येत नाही, सर." रंग? "येईल तो, सर." किंमत? "गाडी येईल त्या दिवशी जी असेल ती."

केव्हा, कोणती, केवढ्याला — तिन्ही अनिर्वचनीय. ब्रह्माची माहिती यापेक्षा बरी मिळते. तरी सही केली. यादीत नंबर एकेचाळीस.

गाडी आली की फोन येणार. दोन तासांत हो म्हणायचं, नाही तर ती पुढच्याला. आपला नंबर तसाच, पुढच्या गाडीसाठी. पण माझा फोन दिवसभर ऑफिसच्या कपाटात. मुलांचे जप्त करतो, मग स्वतःचा खिशात कोणत्या तोंडाने ठेवू? म्हणून फॉर्मवर हिचा नंबर दिला. ही दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर असते, फोन हाताशी असतो.

१६ जानेवारी, शनिवार

धीर सुटून जुन्या गाड्या बघून आलो. दोन वर्षं वापरलेली, दाराला पोचा, आणि किंमत नव्यापेक्षा जास्त! विकणारा शांतपणे म्हणाला, "साहेब, नवी यादीत आहे. ही तुमच्यासमोर उभी आहे."

युक्तिवाद निर्दोष. काढता पाय घेतला.

२ फेब्रुवारी, मंगळवार

गाडी यायच्या आधी चालवता यावी म्हणून शिकायला लागलो. शिकवणारे काका निवृत्त ड्रायव्हर, आता निवृत्तीतही सुख नाही असा चेहरा. "सर, आरशात बघा." बघितलं. "मागचा रस्ता बघा हो. स्वतःला काय बघताय."

२८ फेब्रुवारी, रविवार

शर्टाचं बटण लोंबत होतं. शर्ट अंगावरच असू द्या म्हणाली, आणि उभ्याउभ्या शिवलं. "हलू नका." हललो नाही. दोरा दाताने तोडला तेव्हा तिचे केस हनुवटीला लागले. साडेसहा तास बस, ती या चार टाक्यांसाठी.

दवाखान्यातल्या माणसांबद्दल विचारलं, तर बराच वेळ सांगत होती. मी म्हटलं, गाडी आली की हे सगळं सावकाश ऐकेन. त्यावर भांडी घासायला उठली.

"येईल तेव्हा येईल," म्हणाली.

२३ मार्च, मंगळवार

किंमत परत वाढली. फोन नाही.

९ एप्रिल, शुक्रवार

आमचे गणिताचे सर शाळेत नवी कोरी पांढरी गाडी घेऊन आले. बुकिंग माझ्यानंतर महिन्याने. नंबर अठ्ठावन्न! मला म्हणाले, "सर, तुम्ही पाठपुरावा करत नाही." गणितात अठ्ठावन्न एकेचाळिसाच्या आधी केव्हापासून यायला लागले, विचारणार होतो. उद्या शोरूम.

१० एप्रिल, शनिवार

चांगलं झापलं त्या मुलीला. बसमधले मणके, तीन वर्षं, सगळं काढलं. तिने ऐकून घेतलं, मग संगणकात बघितलं.

"सर, तुम्हाला दोनदा फोन गेलाय. आठ मार्चला आणि पंचवीस मार्चला."

कुणी उचलला?

"मॅडमनी. दोन्ही वेळा म्हणाल्या, आत्ता नको, पुढच्याला द्या."

मुलीची माफी मागितली. फॉर्मवर आता माझा नंबर घालून आलो. फोन खिशात ठेवीन. मुलांना काय वाटायचं ते वाटो.

११ एप्रिल, रविवार

बसमध्ये साडेसहा तास एकच प्रश्न रचत होतो. दारात विसरलो. तिनेच तोंडाकडे बघून ओळखलं. "कळलं वाटतं."

"नको का म्हणालीस?"

"जेवून घ्या आधी."

"नको का म्हणालीस?"

मग बसली. "गुरुजी, वीस वर्षं आपण एका घरात होतो. तुम्ही कुठे होतात?"

"कुठे म्हणजे? घरी."

"वह्यांत होतात. मी बोलायचे, तुम्ही लाल पेनाने मान हलवायचात."

हसायला आलं. ती हसली नाही.

"इथे दीड तास येता. वह्या नसतात. मी बोलले की माझ्याकडे बघता. दवाखान्यात कोण कोण आहे, हे तुम्ही मला लग्नानंतर पहिल्यांदा याच फेब्रुवारीत विचारलंत. गाडीला डिकी असते. डिकीत वह्या मावतात. महिनाभरात हेही तसंच घर होईल."

मला वाद घालता येतो. समोरच्याचा पूर्वपक्ष खोडायला आयुष्यभर शिकवलंय. यात खोडायला काही सापडलं नाही.

चारच्या बसपर्यंत सोडायला आली. "रागावलात?" नाही म्हटलं. खरंच नव्हतो. रागवायला निदान आपली बाजू लागते.

१९ एप्रिल, सोमवार

मधल्या सुट्टीत फोन वाजला. "सर, राखाडी आलीय. किंमत आजची. दोन तास आहेत."

समोर आठवीच्या वह्या, बेचाळीस. पहिल्या वहीवर लाल पेन उघडंच. राखाडी रंग मला आवडतो. शनिवारी निघालो असतो. रात्री तिथे जेवलो असतो.

दोन तासांतले पावणेदोन तास नुसता बसून राहिलो. मग फोन केला. पुढच्याला द्या म्हटलं.

"यादीत नाव ठेवू की काढू, सर?"

ठेवा.

२५ एप्रिल, रविवार

चारला दहा मिनिटं असताना उठून पिशवी उचलली. ती म्हणाली, "ठेवा ती खाली." ठेवली. बस खालच्या रस्त्याने गेली, ऐकू आली. दोघांनीही तिकडे बघितलं नाही.

पुढची उद्या चारला. शाळेला काय कळवू, विचारलं.

"आजारी आहे म्हणा," औषधांच्या खिडकीवरची बाई म्हणाली. "बरं व्हायला दोन दिवस तरी लागतील."