अडणारं दार

दादा,

साष्टांग नमस्कार आज राहू दे.

त्या बिल्डरच्या घराची पायरीही कधी चढलो नाही, असं तू भर सभागृहात छातीठोकपणे सांगितलंस. पाच निवडणुका तुझ्यासाठी दारोदार फिरलेली मी, लगेच विश्वास ठेवला.

काल त्याची आई गेली म्हणून आपण सगळे भेटायला गेलो. निघताना दार अडलं. कार्यकर्ते ओढून ओढून थकले. तू फोनवर बोलत आलास, कडी जराशी वर उचललीस, खालून पायाने ढोसलंस, दार उघडलं. तुझं बोलणंही थांबलं नाही. बिल्डरने मात्र आधी माझ्याकडेच का पाहिलं?

उद्या पक्षाची चौकशी समिती मला तुझ्या-त्याच्या संबंधांबद्दल विचारेल. मी पक्षाची आहे, तुझ्याच बाजूने बोलेन. हे पत्रही फाडून टाकेन.

एवढं मात्र तोंडावर सांगेन : यापुढे माझ्या घरी येताना बेल वाजवत जा.

तुझी धाकटी