साडेसहाशे वॅट

सांगली,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय शिवू,

जय जिनेंद्र. कराडात सगळे बरे असाल. तुझ्या बाबांच्या तळहाताची पट्टी सुटली का? त्यांना मूठ वळता येते का? इकडे माझ्या आर्जवला दात येताहेत, दिवसभर कडेवरून उतरत नाही. हळदीचा हंगाम आहे, गावभर ट्रक.

कॉलेज सुटल्यावर पहिल्यांदाच तुला पत्र लिहितेय. माझं व्हॉट्सअ‍ॅप दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडं असतं. सासरे वाचतात, माझा नवरा सुकुमारही वाचतो. आमचा जिनासुद्धा दुकानातूनच उतरतो. बस्तीत देवदर्शनाला जाताना हे टपालपेटीत टाकेन.

तुझा कॉम्प्युटर आमच्या दुकानात जोडला, तेव्हा त्याला किती वॅटचा पॉवर सप्लाय लागेल, ते मीच काढलं होतं. प्रोसेसर सव्वाशे, ग्राफिक्स कार्ड सव्वादोनशे, पंखे-डिस्क वगैरे साठ. झाले चारशेच्या वर. पण तू घरांची थ्रीडी चित्रं रेंडरला लावलीस की कार्ड क्षणभर दुप्पट ओढतं, म्हणून साडेसहाशेचा. "हजारचाच घेऊ का?" तू विचारलंस. मी म्हटलं, "कशाला? मशीन लागेल तेवढीच वीज घेतं. फक्त सप्लाय अस्सल हवा."

तो अस्सल नव्हता, शिवू.

हातात घेतला तेव्हाच हलका लागला. वायरी बारीक. वर स्टिकर साडेसहाशेचं, आतला माल फार तर तीनशेचा. मी सुकुमारला दाखवला. तो सासऱ्यांकडे बघत राहिला. सासरे म्हणाले, "बसव की गं. लोकं काय वजन करून बघत्यात व्हय?"

मी बसवला. स्क्रू माझ्याच हातानं आवळले. त्यानंतर आठ महिने तो तुझ्या टेबलाखाली चालत होता. एक फोन केला असता तर झालं असतं. नाही केला.

मग तो पेटला. तुझ्या बाबांनी जळती वायर हातानं ओढली, तुझी तीन वर्षांची ड्रॉइंग्ज गेली. तुम्ही दोघं दुकानात आलात. सासऱ्यांशी वाद न घालता काका माझ्याकडे वळले. "ब्राह्मी, तू सांग पोरी. तू म्हणशील ते खरं."

आणि मी म्हणाले, "काका, तुमच्या घरचं अर्थिंग खराब असेल."

"बरं," एवढंच म्हणाले ते.

त्या दिवशी सासऱ्यांनी लग्नानंतर पहिल्यांदा माझं कौतुक केलं. काल तसल्याच सप्लायचे आणखी चाळीस डबे आले, मीच बसवायचे आहेत. माहेरी जाते म्हटलं तर म्हणतात, "जा की. आर्जव हितं ऱ्हाईल." सुकुमार मान खाली घालून बिलं करत बसतो.

म्हणून सांगते ते कर. सातारच्या ग्राहक आयोगात तक्रार दे. साक्षीदार म्हणून माझं नाव घाल आणि मला बोलवायचा अर्ज कर. आपणहून निघाले तर पोर मागं ठेवावं लागेल. आयोगाचं समन्स आलं तर मला अडवायची यांची हिंमत होणार नाही, आणि अंगावर पिणारं पोर आईबरोबर जाणारच. तिथं मी सगळं सांगेन. सुकुमारसमोरही सांगेन. तोवर हे पत्र वकिलांना दाखव.

माफी इथं लिहीत नाही, ती काकांसमोर मागायची आहे. उत्तरही लिहू नकोस, इथलं टपाल सासरे फोडतात.

फक्त समन्स धाड. लवकर धाड.

तुझी अपराधी,
ब्राह्मी