शहाण्णव पावलं

ता. ४ जून

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि उत्तर आत्ता देतेय, म्हणून आधी कान पकडते. शाळा उघडली की मुख्याध्यापिकेचं काय होतं ते तुला नव्याने सांगायला नको. पहिलीत यंदा एकतीस मुलं. त्यातली नऊ रडकी, आणि त्या नऊ जणांच्या आया मुलांपेक्षा जास्त रडक्या. टाकीचा नळ पुन्हा गळतोय. दुसरीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, त्यामुळे पाढे घ्यायला मीच जाते.

आता खरी बातमी. शाळेमागची पडकी शेड एकदाची पाडली. जागा मोकळी झाली मात्र, सगळ्यांचा तिच्यावर डोळा. पालक समितीतल्या निम्म्या लोकांना तिथे गाड्या लावायच्या आहेत. मी ठणकावून सांगितलं की तिथे मुलांचं मैदान होईल. समितीचे अध्यक्ष म्हणजे आमचे चष्मेवाले. ते म्हणाले की बाई, बोलाचीच कढी नको, बारा जुलैच्या सभेत नकाशा आणा, नाहीतर गाड्या. तेव्हा दादा, तू जन्मभर लोखंड वाकवलंस, आता बहिणीसाठी चार रेघा ओढ.

मुलांकडून चित्रं काढून घेतली. एकशे बारा चित्रं आली, त्यांत त्र्याण्णव झोके. तिसरीतल्या एका चिमुरडीने झोका इतका उंच काढलाय की बसलेल्या मुलीचं डोकं कागदाबाहेर गेलंय. डोकं कुठंय म्हणून विचारलं, तर म्हणाली की आहे, वर आहे. झोक्याचं तुला लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिलं.

जागेची रुंदी इमारतीइतकी, शंभर फूट. लांबी मी चालून मोजली, शहाण्णव पावलं. टेप खेळाच्या सरांच्या कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली सरांबरोबर रजेवर गेलीय. हसू नकोस.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर जीव आहेच, तो आता थोडा नकाशावरही लाव.

तुझी,
धाकटी

&nbsp;

ता. १३ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. आपली लोखंडकामाची शेड आता मुलगा बघतो, मला नुसतं नावं ठेवायला ठेवलंय. काल त्याने एका फाटकाला असलं जोडकाम केलं की बघवेना. मी तोंड उघडलं तर म्हणतो कसा, बाबा, चहा घेऊन या. घ्या! तीस वर्षं ज्या शेडचा मालक होतो, तिथे आता चहा आणतो.

मैदान पावलांनी मोजणारी बाई जगात तू एकटीच. दुसऱ्या कुणी असलं माप पाठवलं असतं तर कागद तसाच परत केला असता. पण तुझी पावलं मला पाठ आहेत. उजवं दोन फूट, डावं दीड. आधी शाळेला जाताना आणि मग कामाला जाताना, तू दहावी होईपर्यंत तुझ्या मागून चाललोय, दोन्ही दप्तरं खांद्याला लावून. शहाण्णव पावलं म्हणजे एकशे अडुसष्ट फूट. इंचाचा फरक पडला तर माझं नाव बदल.

नकाशा सोबत आहे. घसरगुंडी सावलीच्या बाजूला घेतलीय, नाहीतर दुपारी पोरांच्या ढुंगणाला चटके बसतात. चढायच्या जाळीखाली दोन हात वाळू हवीच, त्यात घासाघीस चालू देऊ नकोस. लहानांसाठी रांगायची पाइपं, मधे तोलाची फळी, कडेने बाक. सगळं लोखंडकाम मी करून देईन.

झोका नाही. झोका मी करत नाही. का ते तुला माहीत आहे. हा विषय इथेच संपला.

तब्येतीला जप, जिने सावकाश उतर. आशीर्वाद आहेतच.

तुझा,
दादा

(वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून घाईत दोन ओळी. कचऱ्याच्या डब्यात पाच चुरगळलेले नकाशे सापडले. पाचांतही कोपऱ्यात झोका काढून खोडलाय. मी सांगितलं म्हणून सांगू नका. – वहिनी)

&nbsp;

ता. २१ जून

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नकाशा फार सुरेख झालाय. शिपाईमामांनी तो भिंतीवर लावला आणि मुलं नाक चिकटवून बघत बसली. चष्मेवाल्यांनीसुद्धा मान हलवली. एवढं कौतुक पुरे, आता भांडते.

विषय संपला असं तू लिहिलंस. तो त्रेचाळीस वर्षं संपलेलाच आहे, म्हणून तर कुणी काढत नाही. आज मी काढते. मी सात वर्षांची होते, तू चौदाचा. परसातल्या झाडाला झोका तू बांधलास, गाठही तूच मारलीस. ती सुटली, मी पडले, पाय मोडला, तो नीट बसला नाही आणि दीड इंच कमी राहिला. हे सगळं खरं. पण तू एक विसरतोस. अजून उंच, अजून उंच म्हणून मी ओरडत होते. पडल्याचं मला फारसं आठवत नाही रे. आठवतं ते शेजारच्या घराचं छप्पर वरून दिसलं होतं, त्यावर कुणाची तरी एक निळी चप्पल पडली होती.

त्या दिवसापर्यंत तू मला भिंगरी म्हणायचास. नंतर एकदाही म्हटलं नाहीस. दप्तर तुझ्याकडे, पळायचं नाही, पायरीवर हात धरायचा. आईने कधी मला एवढं जपलं नाही. पायाचं दुखणं चार महिन्यांत थांबलं, पण तू मला काचेचं भांडं करून ठेवलंस ते अजून दुखतं. मला राग येतो, दादा. माया आहे म्हणून राग गिळत आले, एवढंच.

झोका कर असं म्हणत नाही. दुसऱ्या कुणाकडून मी घेणार नाही, हे मात्र सांगून ठेवते.

चुकलं असेल तर पोटात घाल, पण उत्तर दे.

तुझी,
धाकटी

&nbsp;

ता. ५ जुलै

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

पत्र यांनी तीनदा वाचलं. वाचून झाल्यावर घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि चार दिवस तोच शर्ट घातला. शेवटी मीच ओढून धुवायला टाकला. जेवताना मीठ कमी आहे एवढंसुद्धा बोलले नाहीत, आणि मीठ खरंच कमी होतं.

काल मी सरळ विचारलं. तर म्हणाले की तिचं सगळं बरोबर आहे, पण माझ्या हाताला ते होणार नाही, गाठ मारायला गेलो की हात गार पडतात. लग्नाला बत्तीस वर्षं झाली वन्सं, यांचे डोळे भरलेले मी दुसऱ्यांदा पाहिले. एकदा त्यांनी बागेचं मोठं काम नुसतं झोके आहेत म्हणून सोडलं होतं. तेव्हा मी भांडले होते, काल नाही भांडले.

उत्तराची वाट पाहू नका. सभा व्यवस्थित पार पडो. मनात राग धरू नका, दोघंही एकाच आईची हट्टी लेकरं आहात.

तुमची,
वहिनी

&nbsp;

ता. १७ जुलै

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सभेत नकाशा मंजूर झाला. गाड्यावाले हरले, तुझी रेघ जिंकली. कागदाबाहेर डोकं काढणाऱ्या त्या मुलीची आई उठली आणि झोका कुठंय म्हणून विचारू लागली. मी सांगितलं की झोक्याला जागाच उरत नाही. मुलांना रोज खरं बोलायला शिकवते आणि भर सभेत धडधडीत खोटं बोलले.

आज मिस्त्री चुन्याने आखणी करायला आला. एका टोकापासून तुझ्या मापाने आखत गेला आणि शेवटचा बाक आखून झाला तरी समोर जागा उरलेलीच. खेळाचे सर रजेवरून परत आलेत, त्यांनी टेप आणली. लांबी एकशे ब्याण्णव फूट भरली. चोवीस फूट जास्त! मिस्त्रीने हळूच विचारलं की बाई, तुमच्या दादांना फूटपट्टी वाचता येते ना? मी हसले. आणि मग एकदम लक्षात आलं, तशी त्या चुन्यातच मटकन बसले.

दादा, तुझा हिशोब चुकला नाही, माझं पाऊल बदललंय. नऊ वर्षांपूर्वी इथल्या एका म्हाताऱ्या चांभाराने मला डाव्या पायाचा जाड तळाचा बूट करून दिला. तेव्हापासून माझी दोन्ही पावलं दोन-दोन फुटांची पडतात. मी सरळ चालते. मुलांच्या मागे पळतेसुद्धा. तुझ्या घरी येते तेव्हा बूट दाराशी काढते आणि आत लंगडत येते, म्हणून तू मला लंगडतानाच बघितलंस. सांगायचं राहून गेलं असं म्हणणार होते, पण ते खरं नाही. तू ओशाळशील म्हणून बुटाचा विषय मीच काढला नाही. म्हणजे मीही तुला काचेचं भांडंच केलं.

चोवीस फुटांचं काय करायचं ते तूच सांग. सगळे मला विचारतायत. यावेळी माप टेपने घेतलंय.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
धाकटी

&nbsp;

ता. २ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि बाहेर जाऊन दाराशी बसलो. तुझ्या वहिनीला वाटलं चक्कर आली. म्हटलं, नाही गं, आमची पोर सरळ चालते आणि मला नऊ वर्षं पत्ता नाही. मग लहान पोरासारखा रडलो. लिहायला लाज वाटतेय, पण लिहितो.

झोक्याला पुढे-मागे मिळून बावीस फूट मोकळे लागतात. दोन फूट उरतात, तिथे मिस्त्रीला एक बाक आखायला सांग, माझ्यासाठी.

दोर नाही, साखळी घेतलीय. गाठ नाही, कड्या आहेत. प्रत्येक कडी मी स्वतः जोडली, पोराला हात लावू दिला नाही, त्यालाच चहा आणायला पाठवला. शेडच्या तुळईला टांगून आधी सिमेंटची चार पोती बसवली, मग मी बसलो, मग तुझी वहिनी. ती उतरायलाच तयार नव्हती. पहिल्या दिवशी हात गार पडले होते. तसेच चालवले.

पंधरा तारखेला टेम्पोतून सगळं घेऊन येतो. त्या डोकं वर असलेल्या पोरीला दुसरा नंबर द्यायचा, असं तिला सांगून ठेव. पहिल्यांदा तू बसायचंस, बूट घालून, सगळ्या शाळेसमोर. ढकलणार मी.

किती उंच, ते तू ओरडून सांग.

तुझा,
दादा