मारोतराव आता धावतात

३ फेब्रुवारी
बाबांनी ऑपरेशन रद्द केलं! डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते — गुडघा बदला, उशीर नको. पण आज पेपरात आलं, 'धंतोलीच्या दवाखान्यात विनाऑपरेशन गुडघेदुखीवर मात!' बाबांनी कापून गादीखाली ठेवलं. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात 'प्रायोजित'. मी दाखवलं — बाबा, ही जाहिरात आहे. तर म्हणे, "जाहिरातीत हिरोईन राह्यते वं. ही बातमी हाय."


४ फेब्रुवारी
कालच्या त्याच पानावर होतं, आमच्या हुडकेश्वरला आज नळ येणार नाहीत. नाहीच आले! बाबांनी रिकाम्या बादलीकडे बोट दाखवलं. "पाह्य मिनल. पेपर खोटा बोलते का?"
आता माझंच डोकं चालेना. एकच पान, एकच शाई — पाणी खरं आणि गुडघे खोटे? की मीच उगाच शहाणपणा करतेय? बरे झाले तर? होऊ देत. देवा, मीच चुकीची ठरू दे.

९ फेब्रुवारी
बाबांना धंतोलीच्या त्या दवाखान्यात नेऊन आणलं. तेल, पट्टा, गोळ्या. तिथल्या दोघांनी बाबांना धरून उभं केलं. "काकाजी, हसा!" क्षणभर सोडलं, फोटो काढला, परत धरलं. बाबा खूश. मी नाही.

२२ फेब्रुवारी
काडीचा फरक नाही. आता संडासला जातानाही माझा खांदा लागतो.

१ मार्च
पेपरात बाबा! 'मारोतराव आता धावतात.' सकाळपासून गावचे फोन — अभिनंदन म्हणे! माझा नुसता संताप.
बाबा खाटेवर पडून तो फोटो बघत होते. बराच वेळ. मग म्हणाले, "छापून आलं म्हंजे बरोबरच असन. मीच जोर लावत नसीन." आणि उठायलाच गेले! मी धरलं म्हणून पडले नाहीत. मला रडूच आलं. पेपरावर चिडू की बाबांवर, तेही कळेना.

२ मार्च
वर्ध्याहून जिजाआत्याचा फोन. तिच्याही गुडघ्याचं ऑपरेशन या आठवड्यात ठरलेलं. "दादा, तुहा फोटो पाहून म्याबी रद्द केलं गा! उद्या येतो, त्याच दवाखान्यात जाऊ. स्टँडवर घ्यायले येजो."
बाबा पेपरावरून हात फिरवत राहिले.
"नको येऊ जिजे. ऑपरेशन करून घे. मले संडासलेबी पोरगी धरून नेते. तेवढं पेपरात नाही आलं."