नुसतं 'हो' नको

प्रिय वैजू,

मी मजेत आहे. स्टेडियमचे दिवे लागले, एकही लुकलुकला नाही. त्या बाजूचं वायरिंग माझ्या हातचं. वर्ल्ड कप होईतो रजा नाही म्हणतात. जेवण मात्र उत्तम. आईचा गुडघा कसा आहे?

संध्याकाळी गच्चीवर रेडिओ स्कॅनर लावून बसतो. समुद्रावरून विमानांचे दिवे एकामागे एक तरंगत येतात आणि कानात वैमानिकांचे आवाज, जणू झोपेत बोलताहेत. ती भाषा मी ऐकून ऐकूनच शिकलो. रूममधला रत्नागिरीचा सोहेल म्हणतो, "काका, आता एखादं तुम्हीच उतरवा!"

त्यांची एक पद्धत मला फार आवडते. खालून कंट्रोलरने उंची सांगितली, की वैमानिक नुसतं 'हो' म्हणत नाही. तोच आकडा परत म्हणून दाखवतो. चुकला तर कंट्रोलर तिथेच सुधारतो.

तू मात्र काखेतल्या गाठीचं विचारलं, की "हो हो, दाखवते" म्हणतेस आणि शेजाऱ्यांच्या गप्पा काढतेस.

म्हणून उत्तरात 'हो' लिहू नकोस. डॉक्टरांचं नाव, कुठल्या वारी जाणार आणि सोबत कोण, एवढं लिही. ते हातात पडेपर्यंत माझं बोलणं तुझ्यापर्यंत पोचलं, असं मी धरणार नाही.

तुझाच,
श्रीरंग